जास्तीचा पीळ

"ह्या फेरेक काय हाडलात?" मी विचारलं.

"शब्द," दिगंबर म्हणाले.

"ता म्हायत आसा. कोणचो?"

"आधी तो पदर वर धर. चिखलात लोळता."

मी पदर वर धरला. साडीचा नव्हे, काथ्याचा. माडांच्या ओळीतून आम्ही दोघं सुंभाचे दोन लांबलचक पदर ताणून ठेवत होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकत्र वळून दोर करायचा होता म्हणून. श्रावणातली उघाड पडली होती. खाडीवरून वारा येत होता, आणि माझा नवरा दीड वर्षानं घरी आलेला होता. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती, तोंडानं मी ते आजही घेत नाही. कागदावर मात्र हौसेनं घेते.

दिगंबर मालवाहू जहाजावर खलाशी होते. आमच्या खारवाडीतल्या बाकीच्या बायकांच्या दर्यावर्दी नवऱ्यांनी ट्रान्झिस्टर आणले, गुळगुळीत साड्या आणल्या, नाक चुरचुरेल अशी अत्तरं आणली. माझ्या नवऱ्यानं शब्द आणले. यात दोष माझाच. लग्न नवं असताना मी त्यांना सांगून बसले होते, की दहावीला इंग्रजीनं माझा घात केला, नाहीतर आज मी मास्तरीण असते. तेव्हापासून हे प्रत्येक खेपेला माझ्यासाठी एक इंग्रजी शब्द आणायचे. नुसता शब्द नाही हं. सोयरिकीला स्थळ आणावं तसं त्याचं कूळ, गाव, नातीगोती सगळं विचारून यायचे. मागच्या खेपेला त्यांनी मान्सून आणला होता आणि तो आपल्या मोसमाचाच भाऊ निघाला, तेव्हा मी चार दिवस वाडीभर सांगत फिरले होते. लोकांनी मला वेड्यात काढलं, ते वेगळं.

"ट्विस्ट," दिगंबर म्हणाले.

मला हसूच आलं. "हात्तिच्या! ता तर शाळेच्या गॅदरिंगात पोरां नाचतत."

"नाचाक मागसून गेलो. तेच्या आधी तो दोर होतो."

"म्हणजे पीळ."

"पीळ. पीळ घालणा, वळणा, पिरगळणा, सगळा त्या एका शब्दात. आता कूळ इचार."

"कूळ कोणचा?"

त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन. इंग्रजीत दोनाक टू म्हणतत मा? तेचीच ही प्रजा. जुळ्या पोरांक ट्विन, सुतळेक ट्वाइन, दोगांच्या मधे असता ता बिट्वीन. आणि ह्यो ट्विस्ट. लय जुन्या काळात डोलकाठीच्या दोराक ह्योच शब्द लावत. दोन पदर असले तरच पीळ रवता. एकट्या पदराक कितीय पिळा, सोडल्यार परत उलगाडता."

"ता कळाक जहाजार कित्याक जावक व्हया? माझ्या आयेक घरात बसान म्हायत होता."

"तुझ्या आयेक डच भाषा येता?"

"नाय."

"मगे आयक. आमच्या जहाजार एक म्हातारो डच इंजिनेर आसा. तो म्हणता, तेंच्याकडे ह्याच शब्दाचो अर्थ भांडाण."

"शाणी माणसां ती. दोगां एकत्र इली काय भांडाण इलाच."

दिगंबर हसले. हसताना त्यांचा एक डोळा जरा जास्त मिटायचा. मग हातातला पदर खुंटीला गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणखी एक अर्थ आसा तेचो. सगळ्यात जुनो."

"सांगा मगे."

"उद्या. दोर झाल्यार सांगतंय."

त्या दिवसांत आमच्या घरात सगळंच 'दोर झाल्यार' होतं. माझे मोठे दीर, अनंत भावोजी, यांनी नवी होडी बांधायला घेतली होती. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात लोटायची. होडीत अर्धा वाटा दिगंबरनं घ्यावा, जहाज सोडावं आणि घरी राहावं, असं भावोजींनी ते आले त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "दिगू, किती वर्सां दुसऱ्याची बोट ढकलतलंस? ही आपली आसा." दिगंबर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, दोर झाल्यार सांगतंय.

आणि मला काय हवं होतं? मला ते घरी हवे होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन, सगळे दिवस एकत्र केले तर आमचा संसार जेमतेम वर्षाचा भरला असता. तोही पाहुण्यासारखा. आले की चार दिवस लाजण्यात जायचे, मग जरा कुठे त्यांच्या खोकल्याची, चपलांची सवय होतेय तोवर पेटी भरायची वेळ यायची. होडीवर गेलेला माणूस दुपारपर्यंत परत येतो, मासळीच्या वासाचा का होईना, पण येतो. मला तो वास चालणार होता. हे मी त्यांना कधी तोंडानं बोलले नव्हते. आमच्या वाडीत दर्यावर जाणाऱ्याला 'जाऊ नको' म्हणत नाहीत, ते अपशकुनाचं समजतात.

आता त्या दोराबद्दल सांगायला हवं. नव्या होडीच्या नांगराचा पहिला दोर आमच्या वाडीत घरच्या नवरा-बायकोनं वळायचा, एक टोक तिच्याकडे, दुसरं त्याच्याकडे. मोठी जाऊ वारली होती, म्हणून तो मान आमच्याकडे आला. काम साधं दिसतं. एका टोकाला लाकडी चौकट पुरलेली असते, तिला दोन आकडे आणि एक हँडल. तिथं बायको बसते आणि हँडल फिरवते. पार दुसऱ्या टोकाला नवरा. त्याच्या कमरेला गोणपाट आणि पट्टा, पट्ट्याला गरगर फिरणारा आकडा, त्याला भोवरकडी म्हणतात. दोन्ही पदर त्याच्या त्या कडीत अडकवलेले. बायको फिरवत जाते तसा पदरांना पीळ बसतो, पीळ बसला की लांबी आटते, आणि आटत जाणारा दोर त्या नवऱ्याला ओढत पुढे आणतो. त्यानं आपण होऊन पाऊल टाकायचं नाही. मागे रेलून राहायचं आणि दोर ओढील तेवढंच पुढे यायचं. मधे एक जाणता माणूस खाचा पाडलेला लाकडी ठोकळा दोन पदरांच्या बेचक्यात धरून चालतो, म्हणजे त्याच्या मागे दोर घट्ट वळत येतो.

आणि यात दोन टोकांच्या माणसांनी बोलायचं नाही. बोललं की हात सैल पडतो, पीळ सारखा बसत नाही, असं जुनी माणसं सांगत. मधल्या माणसाला बोलायची मुभा. तो मधला माणूस म्हणजे माझे सासरे, भिकाजी तांडेल. त्यांना मुभा नसती तरी ते बोललेच असते.

थांबायचं कधी, तेही ठरलेलं होतं. आमच्या माडांच्या ओळीत अंगणाच्या कडेला एक रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड होतं. मामंजींनी त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून ठेवला होता. पलीकडचा माणूस ओढत ओढत त्या रतांब्यापाशी पोचला की दोर झाला. त्यापुढे एक वळसाही द्यायचा नाही. म्हणजे कसं, की नवरा लांबून निघायचा, बायकोच्या दिशेनं येत राहायचा, आणि रतांब्यापाशी येऊन थांबायचा. मधे सगळं अंगण उरायचं. नियम करणाऱ्यानं दोराचा विचार केला होता, माणसांचा नाही.

संध्याकाळी पदर ताणून झाले आणि मी पाण्याला गेले. विहिरीवर रेडकरीण होती. रेडकरांच्या दुकानात वाडीतला एकुलता एक फोन, त्यामुळे ह्या बाईला सगळ्यांच्या घरातलं त्या त्या घराच्या आधी कळायचं.

"काय गो शशिकला, पेटी भरून झाली?" तिनं विचारलं.

"कोणाची पेटी?"

तिनं कळशी काठावर ठेवली. "दिगून सांगूक नाय तुका? दुपारीच फोन इलेलो मुंबयसून. मुरगावाक बोट लागली हा. उद्याच हजर रव म्हणान सांगल्यानी. आमच्या ह्येंनी तेका खळ्यात बोलावन निरोप दिल्यानी."

"हां हां, सांगलानी तर," मी म्हणाले, आणि दोर सोडला. कळशी बुडाली, भरली, मी ती वर ओढली. हात नेहमीसारखेच चालत होते. रेडकरीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पण मी काही तिला बघायला मिळू दिलं नाही.

म्हणजे पदर ताणत होतो तेव्हाच त्यांना निरोप मिळालेला होता. दोन बोटं वर करून मला कूळ सांगत होते तेव्हाही. मला राग आला. मग वाटलं, आत्ता जेवताना सांगतील. जेवताना मामंजी होडीला कुठला रंग लावायचा यावर भावोजींशी भांडत होते, त्यात राहिलं असेल. मग वाटलं, अंथरुणावर पडल्यावर सांगतील. मी बराच वेळ जागी राहिले. तेही जागे होते, श्वासावरून कळतं. पण ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'जातंय' असं ऐकावं लागलं असतं. न विचारल्यानं निदान ती एक रात्र तरी ते घरी राहणाऱ्या माणसाची झाली.

सकाळी मामंजींनी नारळ फोडला, चौकटीला कुंकू लावलं, आणि माझ्या हातात हँडल दिलं. दिगंबर माडांच्या ओळीतून चालत लांब गेले, पार शेवटच्या माडापर्यंत. पट्टा बांधला, कडी अडकवली, मागे रेलले. तिथून ते मला माझ्या करंगळीएवढे दिसत होते.

"फिरव गो!" मामंजी ओरडले.

मी फिरवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा काहीच होत नाही. पदर जमिनीवर लोळतात, मग हळूहळू उचलतात, ताठ होतात, आणि मग एका क्षणी पलीकडचा माणूस जरासा हलतो. तो पहिला हिसका माझ्या हाताला जाणवला. इतक्या लांबून, त्यांच्या कमरेचा भार थेट माझ्या मनगटात आला. दीड वर्षात त्यांची खबर मला रेडकरांच्या दुकानात उभं राहून, चार माणसांच्या देखत, खरखरणाऱ्या फोनवर मिळत होती. ही खबर त्याहून चांगली होती.

मामंजींचं तोंड सुरू झालं होतं. "सावकाश, सावकाश! दिगू, मागे रेल. जहाजार नुसतो भात खाल्लंस काय रे? वजन खय गेला तुझा? शशिकला, हात बदल, पण थांबू नको. अशीच तुझी सासू फिरवी. रतांब्यार इलंय तरी माझ्याकडे बघी नाय. आकड्याकडे बघी. लय करारी बायल."

दिगंबर येत होते. एक माड, मग दुसरा. मागे रेललेले, पाय घट्ट रोवलेले, आणि तरी येत होते. ज्या माणसाला कुणी 'ये' म्हणायचं नाही, कुणी 'जाऊ नको' म्हणायचं नाही, तो माझ्या हातानं, न बोलता, माझ्याकडे येत होता. आधी सदऱ्याचा रंग दिसला. मग खांदे. मग केस. मी आकड्याकडे बघत नव्हते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मामंजी ठोकळा घेऊन दिगंबरांच्या टोकापासून निघाले होते, ते माझ्याजवळ येऊन पोचले. आता दोन्ही पदर एकाच आकड्यात अडकवून शेवटचा पीळ द्यायचा, तो बसला की दोर झाला. दिगंबर रतांब्याच्या थोडे पलीकडे होते. मामंजींनी पदर आकड्यात अडकवले, आणि तिथंच खाली बसले. इतका वेळ चाललेलं तोंड एकदम बंद झालं होतं.

"शशिकला," ते हळू म्हणाले, "उलवू नको, नुसता आयक. तो जातलो आसा. दुपारच्या बांद्याच्या गाडीन. सकाळी माका सांगल्यान. तुका सांगूक तेका धीर झालो नाय."

मी मान हलवली.

"तुका म्हायत होता?"

मी पुन्हा मान हलवली.

म्हाताऱ्यानं धोतराच्या टोकानं डोळे पुसले आणि उगाच मोठ्यानं ओरडला, "दी शेवटचो पीळ! रतांब्यापर्यंत!"

मी फिरवलं. दिगंबर रतांब्यापाशी आले. चुन्याचा पांढरा पट्टा त्यांच्या खांद्यामागे दिसायला लागला.

"पुरे," मामंजी म्हणाले.

मी फिरवत राहिले.

"पुरे गो! झालो दोर!"

मी फिरवत राहिले. दिगंबर रतांब्याच्या अलीकडे आले. माझ्याकडे बघत होते. त्यांनी फक्त कमरेची कडी सोडायची होती, एका बोटाचं काम. किंवा 'थांब' म्हणायचं होतं. दोर झाल्यावर बोलायला कुणाची मनाई नव्हती. त्यांनी कडी सोडली नाही. उलट अंगण लागल्यावर आणखी मागे रेलले, पाय रोवले, आणि ओढले जात राहिले. आता मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. हनुवटीवरचा दाढी करताना झालेला काप दिसत होता. तो काप मला आदल्या दिवशी जवळ असून दिसला नव्हता.

"अगे, दोराच्या अंगात येतला! थांब!" मामंजी उठून उभे राहिले. होडीपाशी असलेले भावोजी आवाज ऐकून धावत आले. "काय चल्ला हा? बाबा, तिका थांबवा!" पण मामंजींनी माझा हात धरला नाही. नुसते ओरडत राहिले. पुढे कैक वर्षांनी मला वाटलं, धरायचा असता तर त्यांना तो धरता आला असता.

हँडल आता जड झालं होतं. दोन्ही हात लावून, अंगाचा भार टाकून मी एकेक वळसा देत होते, आणि एकेका वळशाला दिगंबर बोटभर, दोन बोटं पुढे येत होते. दोर लाकडासारखा कडक झाला होता, करकरत होता. ते तुळशीपाशी आले. तुळशीपासून माझी चौकट म्हणजे चार पावलं. चार पावलं ही काय मोठी गोष्ट आहे? मला एवढंच हवं होतं, की हा माणूस एकदा तरी, अर्ध्यावर न थांबता, पूर्ण माझ्यापर्यंत यावा.

तो आला नाही. दोराला मधोमध एक अढी पडली. पडली म्हणजे उडालीच, फाट्दिशी आवाज होऊन दोर मधेच स्वतःभोवती वळला, आणि त्या हिसक्यानं दिगंबर तुळशीसमोर गुडघ्यांवर आले. माझ्या हातातलं हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. कडी सुटलेला दोर अंगणभर वळवळला, ठिकठिकाणी गाठी, वेटोळी. मग शांत झाला.

पहिलं कोण बोललं? भावोजीच. "वाट लावल्यान दोराची! ह्येका नांगर बांदलो तर नांगर पाण्यात गरगर फिरतलो! चार दिवसार पुनव इली हा, आता दुसरो दोर खयसून हाडू?"

"नायलॉनचो हाड मालवणसून," मामंजी म्हणाले. "आणि तोंड बंद कर."

दिगंबर गुडघ्यांवरून उठले, ती चार पावलं आपल्या पायांनी चालत आले आणि माझं मनगट हातात घेऊन बघितलं.

"सुजतला," ते म्हणाले. "तेल लाव." मग भावोजींकडे वळून म्हणाले, "दादा, माका जावक व्हया. होडी तुझी तूच चालव."

बांद्याच्या गाडीला वेळ होता, पण ती कधी आधीही यायची, म्हणून आम्ही लवकरच फाट्यावर जाऊन उभे राहिलो. पेटी त्यांच्या खांद्यावर, डबा माझ्या हातात. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. समोर दोन रस्ते फुटत होते, एक खाडीकडे आमच्या वाडीचा, एक सावंतवाडीकडे.

"काल कित्याक सांगलात नाय?" मी विचारलं.

"काल सांगलं असतंय तर कालपासूनच गेलो असतंय." ते म्हणाले. "तू इचारलंस नाय कित्याक?"

"तेच्याचसाठी."

मी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. शेवटी मीच म्हटलं, "होडी काय वायट होती?"

"वायट नाय. पण सांजेक परत किनाऱ्यार येवचा, तेवढो दर्या माका पुरणा नाय, शशी. माझोच दोष तो. पोटात काय आसा काय म्हायत, लांब गेल्याबिगर जीव थाऱ्यार रवणा नाय."

"आणि मी पुरतंय?"

"तू पुरतंस म्हणान तर परत येतंय."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मला 'येतंय' नको होतं, मला 'रवतंय' हवं होतं, आणि ते शब्द आणणाऱ्या माणसाजवळ नव्हतं.

वळणावर गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी घाईनं म्हटलं, "तो जुनो अर्थ रवलो. सगळ्यात जुनो."

त्यांनी पेटी खांद्यावर नीट घेतली. "फाटो," ते म्हणाले. "एकाचे दोन होणा. एका फांदीक दोन फांदये फुटतत मा, तसा. डच म्हातारो म्हणता, सगळ्यात आधी त्या शब्दात येगळा होणाच होता. दोन पदर एकत्र वळूचा मागसून इला."

गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडलं.

"माका ह्यो अर्थ नको," मी म्हणाले.

"माका पण नको होतो," दिगंबर म्हणाले. "म्हणानच काल सांगलंय नाय."

गाडी सावंतवाडीच्या रस्त्याला लागली. मी रिकामे हात घेऊन घरी आले, तेव्हा कळलं की डबा द्यायचा राहिला नाही, त्यांनी घेतला होता. एवढंच समाधान.

होडीला नायलॉनचा दोर आला. आमचा दोर टाकायला मामंजींचा जीव होईना. त्यांनी अढी पडलेला भाग कापून काढला आणि उरलेल्यातला बरा तुकडा विहिरीला लावला. पण जास्तीचा पीळ तो. मी कळशी खाली सोडली की ती दोराच्या टोकाला आपोआप फिरायला लागायची. गरगर, गरगर, आधी एकीकडे, मग थांबून उलटीकडे. तिचं फिरणं थांबेपर्यंत मला पाणी भरता यायचं नाही. वाडीतल्या बायका वैतागायच्या. "गो शशिकला, तुझो दोर बदल एकदाचो!" मी बदलला नाही. रोज सकाळी काठावर उभं राहून मी ती फिरणारी कळशी बघायची. तो पीळ माझा होता. त्यातला एकेक वळसा मी त्यांना जवळ आणायला दिलेला होता, आणि त्या दोराला तो अजून आठवत होता. माझं काय, मला तर आठवतच होता.

ते येत राहिले. येताना शब्द आणत राहिले, आणि पेटी भरत राहिले. मी बाहेरून दहावीला बसले, इंग्रजी सुटलं. अंगणवाडीत लागले. मास्तरीण नाही म्हणता येणार, पण बाई म्हणतात मला पोरं. मामंजी गेले तेव्हा दिगंबर कुठल्याशा बंदरात होते. दोर वळायचा त्यांचा ठोकळा मी कोनाड्यात ठेवून दिला. आणि कधीतरी एका सकाळी मी कळशी खाली सोडली, तर ती सरळ खाली गेली. फिरली नाही. मी दोनदा, तीनदा सोडून बघितली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. जळून जात नसेल. पाण्यानं जातो, फक्त वर्षं लागतात. त्या दिवशी मी विहिरीवर बसून रडले. रेडकरीण म्हातारी झाली होती, तरी आली विचारायला. मी काय सांगणार होते तिला?

आता पंप बसला आहे. दिगंबर जहाज सोडून कायमचे घरी आले, त्यालाही बरेच पावसाळे झाले. पडवीत खुर्ची टाकून बसतात, गुडघ्यांना तेल लावतात, रेडिओवर दर्याचं हवामान ऐकतात. दर्यावर त्यांना आता कुणी बोलावत नाही. ते पुरते माझे आहेत, रोज आहेत, सकाळी चहाला आहेत. मला वाटलं होतं की असं झालं की आतली ओढ थांबेल. ती काही थांबली नाही. त्यांच्यासमोर बसूनही मला कधी कधी त्यांची आठवण येते, तो माडांच्या ओळीतून मागे रेलून येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि मी चहाचा कप हातात धरून तशीच बसते.

परवा त्यांनी खुंटीवरचा विहिरीचा जुना दोर खाली काढला. हातातून ओढून बघितला आणि म्हणाले, "ह्येच्यात पीळ रवलो नाय गो आता. टाकून देवया?"

मी दोराचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा."

"कित्याक?"

"धरा म्हणतंय मा. आणि मागे जावा."

"आता ह्या वयात कसलो दोर वळतंस?"

"उलवू नको," मी म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला मी पहिल्यांदाच एकेरीत बोलले. "दोर वळताना उलवूचा नसता."

ते गप्प झाले. टोक धरून मागे मागे गेले, पार अंगणाच्या कडेला. रतांबा आता नाही, वादळात पडला. तो होता तिथंच जाऊन ते थांबले, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांवर भार टाकून, हळूच मागे रेलले. मी माझ्या टोकाच्या फासात एक खुंटी घातली आणि फिरवायला लागले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग दोर उचलला, ताठ झाला, आणि त्यांचा भार माझ्या मनगटात आला.

त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. तुळशीपाशी आले. हसत होते, एक डोळा जरा जास्त मिटलेला. मी फिरवत राहिले. पुरे म्हणायला आता मामंजी नव्हते.